भांग-गांजाने जीव घाबरा झाला तर: त्या वेळी काय करायचं आणि मेंदूत काय चाललेलं असतं

धुळवडीच्या दिवशी अकरा वाजता थंडाईचा एक पेला पोटात जातो. पाऊण तास झाला तरी काहीच होत नाही, म्हणून दुसरा. साडेबाराला हसू फुटतं आणि एकच्या सुमारास तोच माणूस छातीवर हात धरून कोपऱ्यात बसतो. "मला काहीतरी होतंय, मी मरणार." जीभ टाळ्याला चिकटलेली, हातपाय गार, ठोके कानात ऐकू येतात. भोवतालचे अर्धे लोक हसतात, अर्धे लिंबू कापायला धावतात. हसण्याने त्याची भीती वाढते आणि लिंबाने भांग उतरत नाही.

म्हणून आधी अशा वेळी काय करायचं ते सांगतो. कुणाला हे आत्ता, फोनवर वाचत असतानाच हवं असेल. मेंदूतली कारणं त्यानंतर.

पहिली दोन मिनिटं: घबराट की दवाखाना?

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडीत घालून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. छातीत दाब किंवा कळ, विशेषतः ती हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल. झटका आला. भोवळ येऊन पडला. हाक मारून, खांदा हलवून जाग येत नाही. उलट्या थांबतच नाहीत. दहा-पंधरा मिनिटं शांत बसवूनही नाडी मिनिटाला १३० च्या वरच आहे किंवा ठोके मध्येच चुकतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला बघतो. आणि लहान मुलाने चुकून भांगेची बर्फी, गोळी किंवा पेलाभर थंडाई घेतली असेल तर लक्षणांची वाट बघायचीच नाही. मुलांमध्ये गुंगी खूप खोल जाते आणि श्वास मंदावू शकतो.

चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या छातीत दुखत असेल तर "भांगच आहे, उतरेल" असं कधीही म्हणू नका. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचा जो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका जवळपास पाचपट आढळला होता.

एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम बघावी लागते, ती म्हणजे धोतरा. जास्त चढावी म्हणून भांगेत धोतऱ्याचं बी घातलं जातं आणि पिणाऱ्याला ते कळतही नाही. ओळख डोळ्यांवरून होते. नुसती भांग असेल तर डोळे लाल होतात, पण बाहुली टॉर्चच्या उजेडात आकसते. धोतऱ्यात बाहुली काळ्या बटणाएवढी मोठी होते आणि उजेड टाकला तरी तशीच राहते. कातडी कोरडी, तापलेली आणि लालसर होते, घाम अजिबात नसतो. जवळचं वाचता येत नाही, लघवी अडते. माणूस हवेतलं काहीतरी वेचत राहतो, समोर नसलेल्यांशी बोलतो. भांग चढलेला माणूस कितीही घाबरला तरी बहुधा तुम्हाला ओळखतो. धोतरा लागलेला ओळखत नाही. ही विषबाधा आहे. तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

यातलं काही नसेल तर

गर्दी हटवा, गाणी बंद करा, पंखा लावा. पडदे ओढून, अंधुक उजेडाच्या खोलीत गादीवर टेकून बसवा. सोबत एकच माणूस, आणि तो स्वतः शुद्धीत असलेला. उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस कोसळतो, म्हणून संडासला जायचं असेल तर आधी मिनिटभर बसवून, मग हात धरून न्या. दाराची कडी आतून लावू देऊ नका. चक्कर आली तर आडवं करून पायांखाली दोन उशा.

मग एक वाक्य, आणि तेच पुन्हा पुन्हा: "भांग जास्त झालीये. त्रास होतोय, पण हे उतरणार आहे. मी इथेच आहे." हे पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं ना, असं चिडून म्हणू नका. नुकतंच घडलेलं लक्षात ठेवण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं, आणि टीएचसी, म्हणजे भांग-गांजातलं नशा आणणारं रसायन, नेमकं तिथेच घोळ घालतं. तुमचं वाक्य त्याच्या हातून निसटलेलं असतं आणि तो पुन्हा पहिल्या भीतीपाशी येऊन उभा राहतो. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कागद. मोठ्या अक्षरांत लिहा: "११ आणि पावणेबाराला भांग प्यायलास. आता १ वाजलाय. ३-४ पर्यंत जोर राहील. रात्री आठपर्यंत बरंच उतरेल." कागद समोर ठेवा, शेजारी घड्याळ. तो दर दोन मिनिटांनी वाचेल. वाचू दे.

श्वास: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत तोंडाने सावकाश बाहेर. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, कारण श्वास सोडताना ठोके मंदावतात. तुम्ही त्याच्यासोबत करा, नुसत्या सूचना देऊ नका. पाच मिनिटं पुरतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी पद्धत सोडून द्या. खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर ती घातक ठरते. हातात गार पाण्याचा पेला द्या, घोटघोट प्यायला सांगा. एखादं केळं किंवा दोन बिस्किटं चालतील.

आता काय करायचं नाही ते. तूप पाजू नका, दूधही नाही. टीएचसी चरबीत विरघळतं. पोटात अजून भांग शिल्लक असेल तर स्निग्ध पदार्थ ती रक्तात जायला मदतच करतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दारू तर नाहीच, तिने रक्तातलं टीएचसीचं प्रमाण वाढतं. कडक कॉफी धडधड वाढवते. घरात कुणाची झोपेची गोळी पडलेली असेल ती मनाने देऊ नका. ताक, चिंचेचं पाणी, लिंबू सरबत यांनी अपाय नाही, पण त्यांना उतारा समजून निर्धास्त होऊ नका. मिरी चघळण्याचा सल्ला हल्ली बराच फिरतो. एक दाणा चघळल्याने बिघडत काही नाही, पण माणसांवर नीट पडताळलेला तो उपाय नाही. झोप लागली तर कुशीवर वळवून ठेवा आणि अधूनमधून श्वास बघा.

दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना खरं सांगा: काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत दारू किंवा गोळ्या होत्या का, रोजची औषधं कोणती. ते बहुधा ईसीजी काढतील, गरज वाटली तर सलाइन किंवा घबराट कमी करणारं औषध देतील. लपवलं तर मात्र निदान चुकतं आणि नको त्या तपासण्यांत रात्र जाते.

ओढली आणि प्यायली, दोन्ही एक नव्हे

धूर फुप्फुसांतून थेट रक्तात जातो. दोन-पाच मिनिटांत जाणवतं, अर्ध्या तासाच्या आत शिगेला पोचतं, दोन ते चार तासांत ओसरतं. म्हणून ओढून आलेली घबराट लवकर चढते आणि तासा-दीड तासात सैल पडायला लागते.

पोटातून घेतलेल्या भांगेची चाल वेगळी. पहिली चाहूल लागायला अर्धा ते दीड तास, जेवण जड असेल तर दोन तासही लागतात. जोर दोन ते चार तासांनी. एकूण अंमल सहा-आठ तास, जास्त घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोकं जड. शिवाय आतड्यातून रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे टीएचसीचं रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टीएचसीमध्ये होतं. हेही तितकंच नशा आणणारं आणि मेंदूत सहज शिरणारं. त्यामुळे पाऊण तासाने "काहीच झालं नाही" म्हणून घेतलेला दुसरा पेला हीच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पहिला चढायला लागतो तेव्हा दुसरा वाटेत असतो, आणि तो परत बोलावता येत नाही. त्यात एका पेल्यात टीएचसी किती, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पानं कुठली, किती घोटली, कळ्या मिसळल्या का, यावर ते कितीही बदलतं. पातेल्यात गाळ खाली बसतो आणि शेवटचा पेला पहिल्यापेक्षा कितीतरी कडक निघतो.

त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दुचाकीही नाही. उतरल्यासारखं वाटतं तेव्हाही अंतराचा आणि वेळेचा अंदाज चुकत असतो.

मेंदूत काय होतं

आपल्या मेंदूचं स्वतःचं गांजासारखं एक रसायन आहे आणि त्याच्या नावात आपलाच शब्द आहे. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं. ते मेंदूत जिथे जाऊन बसतं ते सीबी-१ नावाचं ग्राहक १९९० मध्ये नीट ओळखता आलं. ग्राहक म्हणजे पेशीवरचं कुलूप, ज्यात ठरावीक किल्लीच बसते. मग प्रश्न उभा राहिला की कुलूप आहे तर शरीराची स्वतःची किल्ली कुठली? १९९२ मध्ये मेशुलमच्या जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेत ती विल्यम डिव्हेन आणि लुमीर हानुश यांना सापडली. संस्कृतातल्या 'आनंद' वरून तिचं नाव आनंदामाइड ठेवलं. १९९५ मध्ये २-एजी ही दुसरी किल्ली मिळाली.

ही रसायनं उलट्या दिशेने काम करतात, आणि हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. एरवी निरोप एका चेतापेशीकडून दुसरीकडे जातो. निरोप फार येऊ लागले की घेणारी पेशी तिथल्या तिथे थोडं आनंदामाइड किंवा २-एजी तयार करते, ते मागे पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ वर बसतं आणि सांगतं, आता पुरे. काम झालं की विकरं त्याचे लगेच तुकडे करतात. म्हणजे गरज पडेल त्याच नळाची तोटी, तेवढ्यापुरती पिळली जाते. टीएचसी आलं की पूर्ण इमारतीचा मुख्य व्हॉल्व फिरतो आणि तासन्‌तास तसाच राहतो.

आता घबराट. मेंदूत उत्तेजित करणारं मुख्य रसायन ग्लुटामेट आणि शांत करणारं गाबा. सीबी-१ दोन्ही प्रकारच्या पेशींच्या टोकांवर असतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं की थोड्या मात्रेत परिणाम मुख्यतः ग्लुटामेटच्या बाजूला होतो. उत्तेजना घटते, जीव निवांत होतो. मात्रा वाढली की गाबाची टोकंही गप्प होतात. म्हणजे ब्रेकच सुटतो. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डला मोकाट सुटतो आणि साधी नजर, साधा आवाज, दारावरची थापही धोक्याची वाटू लागते. तोच पदार्थ, तोच माणूस, परिणाम उलटा.

माणसांमध्ये ही सीमा किती अरुंद आहे, ते शिकागोतल्या २०१७ च्या एका प्रयोगात दिसलं. ४२ निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर मुलाखत द्यायची आणि तोंडी गणितं करायची होती. ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांना ताण कमी जाणवला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचं मन आधीपासूनच बिघडलं आणि कामंही बिघडली. फरक पाच मिलिग्रॅमचा. घरच्या थंडाईत पाच मिलिग्रॅम म्हणजे कदाचित दोन घोट.

सीबी-१ पूर्ण बंद केलं तर? तेही करून झालंय. भूक कमी व्हावी म्हणून रिमोनाबांट नावाचं सीबी-१ अडवणारं औषध २००६ मध्ये युरोपात विक्रीला आलं. घेणाऱ्यांना चिंता आणि नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये ते थांबवावं लागलं. ही यंत्रणा फार उघडली तरी भीती, फार दाबली तरी भीती.

त्यात शरीर स्वतःची भर घालतं. टीएचसीने ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढतात. हे भीतीमुळे होत नाही, थेट औषधी परिणाम म्हणून होतं. धडधड आधी येते, मग मन तिचा अर्थ लावतं: "हार्ट अटॅक." त्या विचाराने अॅड्रेनलिन वाढतं, ठोके आणखी वाढतात. ज्यांना आधीपासून पॅनिक अटॅक येतात ते या फेऱ्यात पटकन अडकतात. "ही धडधड भांगेची आहे" हे वाक्य म्हणूनच उपयोगी पडतं. ते नुसतं धीर देत नाही, खरं कारण सांगतं.

सीबीडी: बाटलीवरचा आकडा वाचायला शिका

चिंतेवर सीबीडी तेल चालतं असं ऐकून बरेच जण ते मागवतात. सीबीडी हे गांजाच्या झाडातलंच दुसरं रसायन, पण त्याने नशा येत नाही. ते सीबी-१ वर टीएचसीसारखं बसत नाही. सेरोटोनिनच्या ५-एचटी१ए या ग्राहकावर आणि इतर काही ठिकाणी त्याचं काम चालतं. भाषणाच्या भीतीवर ब्राझीलमध्ये चांगले प्रयोग झाले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकात ५७ निरोगी पुरुषांना १५०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम सीबीडी किंवा खोटी गोळी दिली. चिंता ३०० वर कमी झाली. १५० वर नाही आणि ६०० वरही नाही. म्हणजे इथेही जास्त म्हणजे चांगलं, हे लागू नाही.

आता बाजारातली बाटली घ्या. १० मिलीची, वर ५०० मिलिग्रॅम लिहिलेली. म्हणजे एका मिलीत ५०. साधारण २० थेंबांचा एक मिली, तेव्हा जिभेखाली घेतलेल्या पाच थेंबांत साडेबारा मिलिग्रॅम. प्रयोगातले ३०० गाठायला अर्ध्याहून जास्त बाटली एका वेळी लागेल. हे तसं करा म्हणून सांगत नाही. पाच थेंबांनी आलेला फरक बहुतेक अपेक्षेचा असतो, एवढं कळावं म्हणून. शिवाय लेबलवर भरवसा किती ठेवायचा तेही बघा: अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तेव्हा लेबलप्रमाणे माल ३१ टक्क्यांतच निघाला आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. तो अहवाल २०१७ चा.

'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेलं असेल तर त्यात टीएचसी आहे असं धरून चाला. भारतात आयुष परवान्याखाली 'विजया' नावाने मिळणारी तेलं या प्रकारात मोडतात आणि ती वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. हेम्प बियांचं तेल ही वेगळी वस्तू आहे. ते खाद्यतेल, त्यात सीबीडी जवळपास नसतंच.

"सीबीडी सोबत असलं की टीएचसीची घबराट येत नाही" ही समजूतही पक्की नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०२२ मध्ये १० मिलिग्रॅम टीएचसीसोबत १०, २० आणि ३० मिलिग्रॅम सीबीडी देऊन बघितलं. विस्मरण आणि संशयाचे परिणाम त्याने कमी झाले नाहीत. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीन या सुगंधी तेलाने मात्र घबराट कमी झाल्याचं जॉन्स हॉपकिन्सच्या २०२४ मधल्या छोट्या प्रयोगात दिसलं. पण तिथे ते शुद्ध लिमोनीन मोजून टीएचसीसोबतच वाफेतून दिलं होतं. लिंबाच्या रसात ते नगण्य असतं, म्हणून सरबताला त्याचं श्रेय जात नाही.

इतर औषधं चालू असतील तर सीबीडी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. यकृतातली जी विकरं बरीच औषधं पचवतात त्यांना ते अडवतं. एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरचं) आणि क्लोबाझाम (फिटवरचं) यांचं प्रमाण रक्तात वाढू शकतं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, फिटवरच्या व्हॅल्प्रोएटसोबत यकृताला त्रास होऊ शकतो. उलट, गांजा किंवा तंबाखू रोज ओढणाऱ्याच्या शरीरात ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही मनोविकारावरची औषधं लवकर संपतात. ओढणं अचानक सोडलं की त्याच डोसचं प्रमाण वाढतं. अशा रुग्णाने सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

"मी तर टेन्शनसाठीच ओढतो"

इथे जरा थांबून वाचा, कारण खरं नुकसान इथे होतं. रोज टीएचसी मिळत राहिलं की मेंदू सीबी-१ ची संख्या कमी करतो. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सालीच्या भागात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ती सुमारे २० टक्के कमी दिसली आहे. मग आनंदामाइड तेवढंच असलं तरी ते बसायला जागा कमी. सकाळी उठल्या उठल्या छातीत जे ओढल्यासारखं होतं, चिडचिड होते, चहासुद्धा नको वाटतो, ती बऱ्याचदा तलफ असते. पहिला जॉइंट ती शमवतो आणि आपल्याला वाटतं, बघा, गांजा टेन्शनवर चालतो. कालच्या जॉइंटने केलेली भोकं आजचा जॉइंट बुजवत असतो.

आपलं काय आहे ते तपासायला एक वही पुरते. दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता, किती ओढलं, त्याआधी घबराट शून्य ते दहामध्ये किती, अर्ध्या तासाने किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच किती. शेवटचा रकाना कुणी लिहीत नाही आणि तोच सगळं सांगतो. सकाळचा आकडा वाढत चालला असेल, किंवा ज्या रात्री जास्त ओढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो चढत असेल, तर औषध म्हणून घेतलेली गोष्टच दुखणं वाढवतेय.

सोडायचं ठरलं की परीक्षा किंवा नोकरीतला ताणाचा आठवडा टाळून तारीख ठरवा. एकदम सोडता येतं, त्याने जिवाला धोका नसतो. दारूसारखं इथे फिट येण्याचं भय नाही. पण रोज चार-पाच वेळा ओढणाऱ्याला टप्प्याने सोपं जातं: दर आठवड्याला पाव भाग कमी, आणि कमी करताना सकाळचा पहिला जॉइंट सर्वांत आधी. रात्रीचा शेवटी. आणि आपल्याकडे जॉइंट सिगारेटच्या तंबाखूत मिसळून भरतात, हे विसरू नका. असा जॉइंट सुटला की दोन व्यसनं एकाच दिवशी सुटतात. तिसऱ्या दिवशीची तडफड बऱ्याचदा निकोटिनची असते, आणि ती गांजाची समजून लोक परत जॉइंटकडे वळतात. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम जवळ ठेवा. हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं. भराभर चघळलं तर नुसती उचकी आणि मळमळ.

त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतो, दुसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो आणि दोन-तीन आठवड्यांत मावळतो. चिडचिड, घबराट, भूक मरणं, घाम, पोटात कळ, झोप न येणं. भूक नसेल तेव्हा मऊ भात, पेज, केळं असं थोडं थोडं चार वेळा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. झोप कितीही वाजता लागली तरी उठायची वेळ एकच ठेवा. संध्याकाळी तीस-चाळीस मिनिटं घाम येईल इतकं चाला. झोपेसाठी दारूकडे वळू नका. पहाटे विलक्षण ठळक, कधी भयानक स्वप्नं पडतात. टीएचसीने दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप परत येत असते. हे महिनाभरही टिकतं, पण बिघाड नाही.

या दिवसांत उमेद धरायला एक पक्की गोष्ट आहे. स्कॅनमध्ये सीबी-१ परत वाढायला सोडल्यापासून दोन दिवसांतच सुरुवात झालेली दिसते आणि चार आठवड्यांत ते जवळपास न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतं. म्हणून वहीतला खरा निकाल २८ व्या दिवसानंतर काढा. पहिल्या आठवड्याची घबराट बघून "गांजाशिवाय मी असाच" असं ठरवलं तर ते मोजमाप चुकीचं. मध्ये एक दिवस ओढलं तर वही फाडू नका. त्या दिवशी कोण होतं, किती वाजले होते, पोट रिकामं होतं का, ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा.

२८ दिवसांनंतरही आकडा खाली येत नसेल तर चिंता हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. विचार आणि वागणुकीवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती, आणि गरज असेल तर सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधं. ही औषधं परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात आणि पहिल्या काही दिवसांत घबराट किंचित वाढू शकते. नेमकी याच दिवसांत गोळी सोडून माणूस पुन्हा जॉइंटकडे जातो. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.

नशा पूर्ण उतरल्यावरही संशय, कानात आवाज, "लोक माझ्यावर लक्ष ठेवतात" हे दिवसभराच्या वर टिकलं तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. युरोप आणि ब्राझीलमधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात, १० टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये अशा मनोविकाराची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, वय विशीच्या आत असेल किंवा गर्भारपण असेल तर थोडीशी भांगसुद्धा नको.

परदेशातले, आणि कायदा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि खाण्याच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी ठेवता येत नाही. तिथे किंवा अमेरिकेतल्या ज्या राज्यांत परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांनी शिकागोचे ते दोन आकडे, ७.५ आणि १२.५, लक्षात ठेवावेत. नवख्याला २.५ मिलिग्रॅम पुष्कळ होतं, आणि दोन तास होईपर्यंत दुसरा तुकडा नाही. डिसेंबरात घरी येताना गांजाच्या गमीचं (चघळायच्या गोड गोळ्यांचं) पाकीट बॅगेत राहिलं तर कॅनडातून बाहेर नेणं हाही गुन्हा आणि भारतात आणणं हाही.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि चरस येतो. शेंड्यांशिवायची पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येत नाही. पण यावरून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असं समजू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे राज्यात परवान्याशिवाय ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

मदत मागायला मात्र कायदा आडवा येत नाही. स्वतःहून उपचारासाठी पुढे आलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम याच एनडीपीएस कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज होती, तेव्हा फोन करणारे तुम्ही पहिले नसाल. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. मुंबईत केईएम रुग्णालयात व्यसनमुक्ती विभाग आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण चालू आहे. जाताना ती वही सोबत न्या. पहिल्या भेटीत डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं त्यात असतील.